महानगरातील पहाडी माणसे

डोंगराळ वा हिमाच्छादित प्रदेशातील आदिवासी समाजाची माणसे महानगरात आली की हळूहळू आपली जुनी जीवनरीत टाकून देतात, असा एक समज रूढ आहे. अनुभव मात्र निराळा आहे. २०२१ च्या जनगणनेच्या वेळी कॅनडातील दर दहा इन्युइटांपैकी सुमारे तिघे आपल्या उत्तरेकडील मायभूमीबाहेर राहत होते. ऑटावासारख्या शहरात त्यांनी आपल्या मुलांसाठी व भाषेसाठी स्वतंत्र संस्था उभारल्या आहेत. भारतात हीच प्रक्रिया दिल्लीत पाहावयास मिळते.

ईशान्य भारतातील नागा, मिझो, कुकी, खासी इत्यादी जमातींचे तरुण प्रथम मुख्यतः उच्च शिक्षणासाठी दिल्लीला येत. २००० नंतर गुडगाव व नोएडा येथे कॉल सेंटरे, मॉल व मोठी हॉटेले वाढली आणि इंग्रजी जाणणाऱ्या या तरुणांना तेथे काम मिळू लागले. राहण्यासाठी त्यांच्यापैकी अनेकांनी मुनीरका, हुमायूनपूर यांसारख्या वस्त्या निवडल्या. ही मुळात खेडी होत. ब्रिटिश अमदानीत महसुली नकाशावर गावठाणाभोवती तांबडी रेघ ओढीत. तिला ‘लाल डोरा’ म्हणतात. पुढे गावाची शेते नव्या वसाहतींखाली गेली, तरी या रेषेच्या आतील भागास इमारतींचे नियम दीर्घकाळ लागू नव्हते. त्यामुळे तेथे मजल्यावर मजले चढले, खोल्या लहान झाल्या आणि भाडे आसपासच्या वसाहतींपेक्षा कमी राहिले.

अशा दाटीवाटीत पहिला खटका बहुधा स्वयंपाकघरावरून उडतो. सुमी नागांचा ‘अखुनी’ हा पदार्थ करताना सोयाबीन मऊ शिजवून पानांत गुंडाळतात व चुलीच्या उबेला काही दिवस ठेवतात. बॅसिलस जातीचे जिवाणू त्यातील प्रथिनांचे विघटन करतात. त्यातून चव येते, तसाच अमोनियाचा उग्र दर्पही येतो. डोंगरावरील सुट्या घरात तो वाऱ्याबरोबर निघून जातो. चार मजली इमारतीच्या जिन्यात तो कोंडतो आणि घरमालक दार ठोठावतो. सुक्या बोंबलापायी शेजाऱ्यांची बोलणी ऐकलेल्या कोकणी भाडेकरूस हे वेगळे सांगावयास नको. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत असे पदार्थ शेजारी गोंधळ न होईल अशा बेताने शिजवावेत, असा सल्ला होता. कालांतराने मात्र हुमायूनपूरच्या गल्ल्यांत नागा व मणिपुरी खाणावळी निघाल्या, दुकानांत अखुनी व बांबूचे आंबवलेले कोंब मिळू लागले, आणि इतर दिल्लीकर तेथे मुद्दाम जेवावयास येऊ लागले.

खाणावळींप्रमाणेच रविवारच्या प्रार्थनासभा आणि विद्यार्थी संघटना नवागताला आधार देतात. सभा आपापल्या भाषेत भरतात. तेथेच खोलीचा पत्ता लागतो आणि आजारपणात सोबत मिळते. गावी परस्परांपासून दूर असलेल्या जमाती येथे एकमेकींच्या जवळ येतात, कारण शहर त्या सर्वांना एकाच नजरेने पाहते.

या नजरेची किंमत कधी जबर असते. जानेवारी २०१४ मध्ये लाजपतनगर येथे अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या विद्यार्थ्याची हेटाळणी होऊन त्याला मारहाण झाली व त्यानंतर त्याचा मृत्यू झाला. पुढे नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्यातील सुधारणांबरोबरच ईशान्य भारताचा इतिहास अभ्यासक्रमात यावा, अशी शिफारस केली. शिकण्याची जबाबदारी केवळ पाहुण्याची नाही, हे त्यातून मान्य झाले.

अनुसूचित जमातींची यादी राज्यवार असते. दिल्लीसाठी तशी यादी नसल्यामुळे २०११ च्या जनगणनेत तेथे या वर्गाची एकही व्यक्ती नोंदली गेली नाही. मुनीरक्यात राहणारी नागा तरुणी तिच्या राज्यात या वर्गात मोजली जाते, राजधानीत नाही. तिने शहराशी जुळवून घेतले आहे. शहराने तिची दखल घेणे मात्र अद्याप अपुरे आहे.