मोबाइल काढून घेतला की प्रश्न मिटतो?

शाळकरी पोराला ऑनलाइन कोणी छळतंय हे कळलं, की नशिराबाद असो वा जळगाव, घरातला पहिला उपाय ठरलेला: मोबाइल काढून घ्यायचा, चॅट डिलीट करायचं, वर दोन धपाटे. छळणाऱ्याचं यात काहीच बिघडत नाही. पुरावा जातो, आणि पुढच्या वेळी घरी काही सांगायचं नाही एवढंच पोर शिकतं. आधी चॅटचे स्क्रीनशॉट, खात्याचं नाव, लिंक, तारीख-वेळ जपा. मग रिपोर्ट करा, ब्लॉक सगळ्यात शेवटी.

‘फेक अकाउंट आहे, कोण सापडतंय?’ नाव खोटं असलं तरी नोंदणीचा नंबर किंवा आयपी पत्ता असा माग कंपनीकडे राहतो. २०२१च्या आयटी नियमांनुसार तपास यंत्रणेने मागितल्यावर ७२ तासांत माहिती द्यावी लागते. खातं बंद झालं तरी नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘जाऊ दे’ म्हणत महिने घालवू नयेत.

खरी भीती पोलीस ठाण्याची. गावभर होईल, पोरीचं नाव निघेल! छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१२चा पॉक्सो कायदा लागतो, आणि तो मुलग्यांनाही संरक्षण देतो, हे कितीतरी बापांच्या गावीही नसतं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. ठाण्याची पायरी चढायचीच नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

‘लोकांना सावध करायला’ मुलाचा तसला फोटो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकणारे काका मात्र स्वतःच अडकतात: तो पुढे पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. हटवायचा असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त सांकेतिक ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो.

छळणारा अनेकदा वर्गातलाच निघतो. ‘शेजाऱ्याच्या पोराला जेलात कसं धाडायचं?’ म्हणून तक्रार अडते. पण १८ वर्षांखालचं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं, तुरुंगात नाही. नुसती टिंगलटवाळी असेल, तर स्क्रीनशॉट घेऊन मुख्याध्यापकांना आणि त्याच्या आईवडिलांना भेटणं ही पहिली पायरी.