गाडी क्रॉसिंगला थांबलीय!

सातारा-सांगली पॅसेंजरमधला एक ठरलेला प्रसंग. तारगाव नाहीतर मसूरला गाडी थांबायची, पंधरा मिनिटं हलायची नाही. मग डब्यातला एखादा जाणकार शेंगांची टरफलं खिडकीबाहेर टाकत जाहीर करायचा, "क्रॉसिंग आहे!" म्हणजे समोरून दुसरी गाडी येतेय आणि रूळ एकच. या मार्गाचा वेग इंजिनात कमी, रुळांत जास्त दडलेला आहे. कसा ते बघा.

गोळा मिळाला का?
सिंगल लाईनवर समोरासमोर टक्कर टाळायची जुनी युक्ती म्हणजे लोखंडी गोळा. वेताच्या कड्याला अडकवलेल्या पिशवीत तो असायचा. पुढच्या स्टेशनापर्यंत रूळ आपला, याचा तो परवाना. स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर जुनं कडं फेकायचा आणि नवं हातावर झेलायचा. झेल सुटला की गाडी थांबवणं आलंच!

'रोड' गेलं, रिक्षा राहिली
स्टेशनाच्या नावात 'रोड' असेल तर समजायचं, गाव अजून लांब आहे. मीटरगेजच्या काळातलं 'सातारा रोड' असंच. आज 'सातारा' नावाचं स्टेशन आहे खरं, पण तेही माहुलीला. उतरल्यावर रिक्षा चुकत नाही.

सांगलीची पाच मैलांची ऐट
मिरज-सांगली ही जेमतेम पाच मैलांची शाखा १९०७ मध्ये सुरू झाली. नाव मात्र भारदस्त, सांगली स्टेट रेल्वे! त्याच साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. सांगली-मिरजेला मात्र आजही रूळ जोडतात.

एक जंक्शन, तीन रुंद्या
१९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आली आणि मिरजेत तीन मापांचे रूळ नांदू लागले. १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज, १००० ची मीटरगेज आणि ७६२ ची नॅरोगेज. रुळाचं माप बदललं की डबा पुढे जात नाही. माणसांनी फलाट बदलायचा, पोत्यांनी हमालाची पाठ धरायची. दोन्हींत वेळ गेलाच.

पॅराशूटवाला इंजिनियर
ती नॅरोगेज म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. १८९७ मध्ये सुरू झाली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हा त्याचा हिशेब. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही बऱ्यापैकी माल जाई. याच गृहस्थानं पुढे वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं.

पाणी निघालं रेल्वेनं
एप्रिल २०१६. लातूर तहानलेलं. मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन 'जलदूत' निघाली. पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणींची गाडी. वाट बरीचशी जुन्या बार्शी लाईटचीच, पण तोवर ती ब्रॉडगेज झाली होती. पाच टनांच्या हिशेबावर ही गाडी हललीच नसती.

रूळही उन्हात ताणतात
एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा सोडला तर ३० अंशांनी तापल्यावर तो साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे फूटभराहून जास्त वाढेल. त्याला जागेवर धरतात अडीचशे किलोंहून जड काँक्रीटचे स्लीपर आणि टोकदार खडी. खडीचे कोपरे एकमेकांत अडकतात. नदीतले गुळगुळीत गोटे इथं घसरतील.

चावीवाला
खांद्यावर हातोडा आणि पाना, नजर खाली. कीमन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासतो. रुळाला स्लीपरवर पकडून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकून बसवतो. त्यानं तडा हेरला की गाडी दमानं सोडतात, नाहीतर थांबवतात.

१८० ची गाडी, साठीचा वेग
१६ सप्टेंबर २०२४ ला याच मार्गावर कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली. गाडीची बांधणी ताशी १८० किलोमीटरची. वेळापत्रक मात्र सुमारे ३२६ किलोमीटरना सव्वापाच तासांचं, म्हणजे सरासरी साठीच्या आसपास. आदर्कीच्या घाटातली वळणं वंदे भारतलाही पॅसेंजरसारखीच घ्यावी लागतात!

वळणं राहतील. पण एकेरी मार्गाचा दुहेरी झाला की समोरच्या गाडीसाठी खोळंबायचं कारण नाही. मग तारगावला गाडी थांबलीच, तर आपल्या जाणकाराला शेंगा खाता खाता नवं कारण शोधावं लागेल.