वानलेसवाडीचे डॉक्टर

सांगली-मिरज रोडवर विश्रामबागजवळ वानलेसवाडी आहे. मी सांगलीचा. ऑफिसात हा पत्ता सांगितला की हमखास प्रश्न येतो, ‘हे कसलं नाव रे?’

तर मंडळी, हे नाव एका डॉक्टरचं. विल्यम जेम्स वानलेस. जन्म १८६५चा, कॅनडातला. न्यूयॉर्कला डॉक्टर झाले आणि १८८९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी थेट सांगलीत! आपण ऑनसाइटसाठी जीव टाकतो, हे साहेब उलटे आले. प्रेस्बिटेरियन मिशनने पाठवलं होतं, त्यामुळे धर्मप्रसार हा कामाचा उघड भाग होताच. पण लोक यायचे ते डोळ्यांतला मोतीबिंदू घेऊन.

पुढे मुक्काम मिरजेला हलला. मिरज म्हणजे रेल्वेचं जंक्शन, पेशंटना सोयीचं. संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स नावाच्या उद्योगपतीने पैसे, आणि १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. मिरजकरांच्या भाषेत ‘मिशन हॉस्पिटल’.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. हाताला यश असलेला सर्जन, दारात लांबलांबून आलेले पेशंट. दुसरा कुणी असता तर त्यातच खूश राहिला असता. पण दोन हात किती पुरणार? मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होतं, पण मिरजेहून मुंबई गाठणं कितीजणांना परवडणार? वानलेस हाताखालच्या इथल्याच मुलांना शिकवू लागले आणि १८९७ मध्ये त्यातूनच मेडिकल स्कूल सुरू केलं. प्लेग आणि दुष्काळाची ती वर्षं. डॉक्टरांची गरज कधी नव्हे इतकी होती.

मग कुष्ठरोग्यांसाठी सोय झाली, क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झालं. हे सॅनेटोरियम जिथे झालं, तीच आजची वानलेसवाडी. १९२८ मध्ये ‘सर’ किताब मिळाला, त्याच वर्षी निवृत्ती. म्हणजे एकाच पोस्टिंगवर जवळजवळ चाळीस वर्षं! १९३३ मध्ये ते कॅलिफोर्नियात गेले.

१९६२ मध्ये मिरजेत मेडिकल कॉलेज निघालं, तेव्हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी याच मिशन हॉस्पिटलचा आधार होता. पुढे ते कॉलेज सरकारी झालं. मिरजेला आज ‘वैद्यकीय पंढरी’ म्हणतात. कोल्हापूर, बेळगाव, विजापूरकडून पेशंट येतात. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही मिरजेतच झालं, मराठीत बोलणाऱ्या डॉक्टरांच्या हातून.

आपल्याकडे केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, सुरू होते नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात. तीही घाईघाईत, चार फाइल्स फॉरवर्ड करून. आणि आपल्याशिवाय टीमचं अडतं, याचा आतून आनंदही असतो! वानलेसनी केटी सुरू केली ती आल्यापासून आठव्या वर्षी. जायला अजून तीस वर्षं बाकी होती.