वहीशेजारचा संगणक

सांगलीच्या गणपती पेठेतील एका भुसार मालाच्या पेढीवर दीपावलीच्या वहीपूजनाला चौरंगावर दोन वस्तू मांडल्या जातात. एक लाल कापडी बांधणीची कोरी वही आणि दुसरा संगणकाचा कळफलक. दोहोंना कुंकू लागते, दोहोंवर अक्षता पडतात. 2025 च्या दीपावलीत मात्र त्या कळफलकाला जोडलेला संगणक बाजारातून तयार आणलेला नव्हता. घरातील एकोणीस वर्षांच्या नातीने पुण्याहून सुटे भाग आणून तो माजघरात स्वतः जुळवला होता. तिने यापूर्वी असे काम कधीच केले नव्हते.

या पेढीच्या दृष्टीने संगणक ही हौसेची वस्तू नव्हे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या पुढे चढले तेव्हा गणपती पेठ पाण्याखाली गेली. वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. संगणक टेबलाखाली होता, तो बुडाला आणि त्याच्यासोबत एप्रिलपासूनचा सारा टॅलीतील हिशेब गेला. दुसरी प्रत कोठेच नव्हती. पुढचे कित्येक आठवडे मुलगा आणि सून ओलसर पावत्या दोरीवर वाळवून, गिऱ्हाइकांच्या दुकानांतून नकला मागून आणून, चार महिन्यांचा व्यवहार पुन्हा उभा करीत होते. पेढीचे वृद्ध मालक, ज्यांना घर आणि पेठ दोन्ही ‘अण्णा’ म्हणतात, त्यांनी त्या दिवसांत संगणकाविषयी एकही कटू शब्द उच्चारला नाही. मात्र तेव्हापासून रोजची किर्द ते पुन्हा हाताने लिहू लागले.

पुरानंतर घाईघाईने घेतलेला संगणक वापरलेला होता. सहा वर्षे त्याने काम दिले. परंतु 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबली. काही अटींवर वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती, पण ती केवळ मुदतच. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. पेढीवरचा सातव्या पिढीचा होता. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात आणि जीएसटीची विवरणे भरली जातात, ते असे उघडे ठेवणे म्हणजे तिजोरीचे कुलूप काढून नुसती कडी लावण्यासारखे होते.

नवा संगणक घ्यायचा हे ठरले. तो आपण जुळवू, असे नातीने म्हणताच अण्णांनी एकच प्रश्न विचारला.

“बिघडला तर कोणाला धरायचे?”

“मला धरा, अण्णा. पण आतला कोणता भाग बिघडला, हे मी तुम्हाला सांगू शकेन. तयार पेटी आणली तर तेही कळणार नाही.”

उत्तर धीटपणाचे होते. अण्णांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. “आधी यादी दाखव,” एवढेच म्हणाले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने संगणक जुळवावा यात वास्तविक नवल काही नाही. आयबीएमने ऑगस्ट 1981 मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा तो बहुतांशी बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून बांधला आणि त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी त्याच्याशी जुळणारी यंत्रे काढली. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले आणि मदरबोर्डवरील स्क्रूची छिद्रे व वीजजोड कोठे असावेत यालाही एक सर्वमान्य शिस्त आली. शेर-पायलीच्या जागी किलोग्रॅम आल्यावर सांगलीची हळद कोणत्याही पेठेत एकाच मापाने विकता येऊ लागली, तसेच हे झाले.

यादी करताना तिने प्रथम गरज लिहून काढली. टॅली, बँक, विवरणे, छपाई आणि बिलांची स्कॅन केलेली चित्रे. खेळ नाहीत, चित्रफितींचे संपादन नाही. त्यामुळे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड यादीतून गेले आणि खर्चाचा मोठा भाग तेथेच वाचला. ज्याच्या पोटातच चित्रदर्शनाची सोय आहे असा एएमडीचा रायझन 5 5600जी हा प्रोसेसर तिने निवडला. सहा गाभे, 65 वॅटचे मान, सोबत थंड ठेवणारा पंखा. तो एएम4 या सॉकेटात बसतो, म्हणून मदरबोर्ड त्याच सॉकेटाचा आणि मेमरी डीडीआर4 प्रकारचीच हवी. डीडीआर5 ची पट्टी त्या खाचेत शिरतही नाही. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, 500 जीबीची एनव्हीएमई साठवण, पेटी, नामांकित कंपनीचा 450 वॅटचा वीजपुरवठा. या शेवटच्या वस्तूवर नवखी माणसे काटकसर करतात आणि तेथेच फसतात. स्वस्त वीजपुरवठा जळताना कधी कधी मदरबोर्डलाही सोबत नेतो.

अण्णांनी यादी वाचली. त्यांना त्यातले शब्द ठाऊक नव्हते, पण प्रत्येक नगासमोर ‘कशाशी जुळते’ असा एक रकाना पाहून त्यांनी चष्मा वर केला. परिग्रहाचे परिमाण ठरवून मग बाजारात जाणे हे त्यांच्या पिढीला शिकवावे लागत नसे. नातीकडे ते पाहून ते काहीसे सुखावले असावेत. त्या रात्री त्यांनी रक्कम तिच्या खात्यात भरावयास सांगितली.

खरेदी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात झाली. तेथे तिला तीन आमिषे भेटली. पहिल्या दुकानात जुन्या साठ्यातील बी450 मदरबोर्ड कमी दरात मिळत होता. बोर्ड वाईट नव्हता, पण 5600जी हा प्रोसेसर 2021 मध्ये आलेला. बोर्डातील मूळ प्रणाली, म्हणजे बायोस, त्याआधीची असेल तर तो प्रोसेसर ओळखलाच जात नाही. “बायोस कोणत्या आवृत्तीचा आहे?” या प्रश्नाला विक्रेत्याकडे उत्तर नव्हते. ती पुढे गेली. दुसऱ्या दुकानात चौथ्या पिढीची महाग एनव्हीएमई गळ्यात घातली जात होती. 5600जी हा पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढीच चालवतो, म्हणजे जादा वेगाचे पैसे जातील आणि वेग मिळणार नाही. तिने तिसऱ्या पिढीची घेतली. तिचाही वेग सेकंदाला तीन हजार मेगाबाइटच्या घरात असतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा शे-दीडशे.

तिसरे आमिष अधिक परिचयाचे होते. बिलाशिवाय घेतले तर दर कमी, आणि वर विंडोज ‘तशीच’ घालून मिळेल. बिल असेल तरच भागांची हमी चालते आणि नोंदणीकृत पेढीला 18 टक्के जीएसटीचा परतावा खरेदीच्या बिलावरच मागता येतो, हा झाला व्यवहार. ‘तशीच’ घातलेली विंडोज मात्र सरळ अदत्तादान आहे. देणाऱ्याने न दिलेली वस्तू घेणे. कित्येक सधन आणि धर्मनिष्ठ दुकानांतही या एका गोष्टीकडे डोळेझाक होते, कारण सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही. तिने पेढीच्या नावे बिल घेतले, विंडोजचा परवाना विकत घेतला आणि सामान घेऊन स्वारगेटहून सांगलीची एसटी धरली.

जुळवणीचा दिवस रविवार होता. माजघरातील लाकडी मेज पुसून घेतले. नायलॉनचे कपडे टाळून तिने सुती कुर्ता घातला आणि प्रत्येक वेळी भाग हाती घेण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श केला, कारण अंगावर साचलेली स्थिर वीज बोटाला जाणवतही नाही इतकी अल्प असली तरी चिपला पुरेशी असते. प्रोसेसरच्या पाठीवर 1331 सुया असतात. सॉकेटाची तरफ उभी करून, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण खुणेशी जुळवून तो नुसता ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. तो आपल्या वजनाने खाली बसला तेव्हा मेजाभोवती उभ्या असलेल्या सर्वांनी एकदम श्वास सोडला.

पंख्यापाशी प्रथम अडले. या पंख्याचे स्क्रू थेट बोर्डामागच्या पट्टीत बसतात, त्यासाठी बोर्डावरचे प्लॅस्टिकचे दोन कंस आधी काढावे लागतात. ते काढताना मागची पट्टी सुटून खाली पडते हे पुस्तिकेत नव्हते. पप्पांनी ती खालून धरली, मग चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळले गेले. पंख्याच्या तळाला उष्णतावाहक लेप आधीच लावलेला असतो. एकदा टेकवल्यावर तो पुन्हा उचलून पाहावयाचा नसतो. मेमरीच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, दोन्ही बाजूंनी खट् आवाज येईपर्यंत. एनव्हीएमई तिरकी सरकवून इवल्याशा स्क्रूने आडवी केली. पेटीत पितळी पाये, त्यावर बोर्ड, मग वीजपुरवठा आणि तारा.

सूर्यास्तापूर्वीची जेवणे उरकावयाची होती म्हणून शेवटच्या तारा जरा घाईने जोडल्या गेल्या. जेवण झाले. तिने बटण दाबले. पंखे फिरले, दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

दहा मिनिटांत तिने मेमरी काढून पुन्हा बसवली, पडद्याची तार बदलली, पुन्हा बटण दाबले. काळाच. पप्पा काही न बोलता पंचांग चाळू लागले. वहीपूजन दोन दिवसांवर आले होते. तिचे डोळे भरून आलेले पाहून अण्णा आपली खुर्ची मेजाजवळ घेऊन आले.

“तेरीज जुळली नाही की आपण काय करतो?”

“चूक शोधतो.”

“कोठे?”

तिला उत्तर सुचेना.

“कोठेही नाही. पहिल्या नोंदीपासून एकेक कलम ताडून खूण करतो. चूक कोठे असेल याचा तर्क करीत बसले की रात्र जाते. तू वाच, मी खूण करतो.”

मग पुस्तिकेतील बोर्डाच्या नकाशावरील प्रत्येक जोड तिने मोठ्याने वाचला, बोटाने दाखवला, आणि अण्णांनी पेन्सिलीने खूण केली. चोवीस सुयांचा मुख्य वीजजोड, खूण. पंख्याचा, खूण. पुढच्या बटणाच्या तारा, खूण. सतरावे कलम होते बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातील आठ सुयांचा जोड, जो केवळ प्रोसेसरला वीज पुरवतो. तेथे तारच नव्हती. ती पेटीच्या मागच्या पत्र्याआड दुमडून राहिली होती. पंखे आणि दिवे चोवीस सुयांवर चालतात, म्हणून यंत्र जिवंत दिसत होते, मात्र विचार करणारा भाग उपाशी होता.

तार जोडली. पडद्यावर अक्षरे उमटली. अण्णांनी सतराव्या कलमापुढे खूण केली आणि “पुढचे वाच,” म्हणाले. उरलेली सहा कलमेही त्यांनी वाचवून घेतली.

विंडोज त्याच रात्री बसली, टॅली दुसऱ्या दिवशी. टॅलीचा परवाना आधी जुन्या संगणकावरून परत करावा लागतो, मग नव्यावर चालू करता येतो. तत्पूर्वी तिने संपूर्ण माहितीची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घेतली, ती नव्या यंत्रावर उतरवली आणि ऑक्टोबरच्या शिलकेचा आकडा अण्णांच्या हाती लिहिलेल्या किर्दीशी ताडला. पै न पै जुळला. अशा आता दोन डिस्क आहेत. एक पेढीच्या माळ्यावर असते, दुसरी विश्रामबागेत आत्याच्या घरी, आणि दर पौर्णिमेला त्यांची अदलाबदल होते. नवा संगणकही आता टेबलाखाली नाही. तो भिंतीत बसवलेल्या उंच फळीवर आहे.

राहिला जुना. तो पुसून पाठशाळेतील मुलांना द्यावा, त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालावी असे ठरले. पेटी उघडण्यापूर्वी आजीने मुलीचा हात धरला. उबदार, अंधाऱ्या पेटीत जीव वस्तीला येतात हे तिने स्वयंपाकघरातील मिक्सरवरून ओळखले होते. खरोखरच वीजपुरवठ्याच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग होती आणि पंख्याच्या पात्यांत कोळ्याचे जाळे. जोराचा वारा मारणारे यंत्र बाजूला ठेवून त्या दोघींनी मोरपिसाने आणि कागदाच्या घडीने अर्धा तास यत्नपूर्वक एकेक मुंगी अंगणात नेली. धूळ त्यानंतर झाडली.

वहीपूजनाच्या संध्याकाळी अण्णांनी कोऱ्या वहीत ‘श्री महावीराय नमः’ लिहिले, वीर निर्वाण संवत 2552 घातले आणि पहिली नोंद संगणक खात्याची केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी नग दोन, एनव्हीएमई, वीजपुरवठा, पेटी, विंडोजचा परवाना. प्रत्येकासमोर बिलाचा क्रमांक आणि रक्कम. खाली ‘जुळवणी’ असा शब्द लिहून रकमेची जागा त्यांनी रिकामी ठेवली, नातीला विचारले, आणि ती सांगेल तो आकडा लिहावयाला लेखणी हातात धरून थांबले.