कॅमेरा कोणाच्या हाती?

हिंदी सिनेमात दलित स्त्री आलीच नाही, असे नाही. १९३६ च्या 'अछूत कन्या'मध्ये ती आली आणि इतरांना वाचवताना रेल्वेखाली गेली. १९५९ च्या 'सुजाता'मध्ये तिने सवर्ण पालक-आईला रक्त दिले, तेव्हा कुठे त्या घराने तिला मुलगी मानले. म्हणजे आमच्या मुलीने मरावे किंवा रक्त द्यावे, तरच प्रेक्षकाला पाझर फुटणार!

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रीवादी विचारवंत बेल हुक्स यांनी १९९२ च्या 'ब्लॅक लुक्स' या ग्रंथात याच दुखण्यावर बोट ठेवले. गुलामाने मालकाकडे नजर वर करून पाहिले तरी शिक्षा होत असे. म्हणूनच काळ्या स्त्रीने पडद्याकडे चिकित्सेने पाहणे, हाही प्रतिकारच होय, असे त्यांनी मांडले. हा धागा ज्योती निशा यांनी आपल्याकडे आणला. २०२० मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांनी 'बहुजन प्रेक्षकत्व' ही संकल्पना मांडली. केवळ लिहून त्या थांबल्या नाहीत; लोकवर्गणीचा हात घेऊन 'डॉ. बी. आर. आंबेडकर : नाऊ अँड देन' हा माहितीपटही त्यांनी केला. पा. रंजित यांची नीलम प्रॉडक्शन्स त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते नवे नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये पँथर उभी राहिली. मात्र पँथरच्या इतिहासातही स्त्री किती दिसते?

वकिलीत एक गोष्ट रोज दिसते. अत्याचारग्रस्त बाई बोलते एक, जबाबात उतरते दुसरेच. खाली अंगठा मात्र तिचा! सिनेमाचेही तसेच आहे. जबाब कोण लिहितो, यावर खटल्याचा निकाल ठरतो.

जालना एमआयडीसीचे पोलाद आणि बियाणे देशभर जाते. त्या कारखान्यांत राबणाऱ्या आमच्या आयाबहिणींची गोष्ट कुठे जाते? जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे भाडे भरणाऱ्या मंडळांनी एक दिवस बुद्धविहारात पडदा लावावा, असे माहितीपट दाखवावेत, चर्चा घडवावी. वस्तीतल्या मुलींच्या हाती आज मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे. आईची पाळी, तिची मजुरी, तिचा विहारातला आवाज त्यांनीच टिपावा.

१९२० मध्ये 'मूकनायक' निघाला, तो आमचे म्हणणे आम्हीच मांडावे म्हणून. तेच काम आता या मुलींनी कॅमेऱ्याने करायचे आहे. समाजाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. जयभीम!