एका पंखात इंधन शिल्लक, तरी विमान बंद का पडतं?

बारामती-इंदापूरकडे डोक्यावर घिरट्या घालणारी शिकाऊ विमानं सगळ्यांच्या ओळखीची. अशा छोट्या विमानांचं इंधन पंखांत असतं, डावीकडे एक टाकी, उजवीकडे एक. सेसना १७२ मध्ये मोटारसायकलसारखाच कॉक असतो. त्यावर डावी, उजवी आणि दोन्ही अशा खुणा.

कॉक ‘दोन्ही’वर असला तरी टाक्या सारख्या उतरत नाहीत. पंख जरा कलता राहिला, किंवा टाक्यांतल्या हवेच्या दाबात फरक पडला, की एकीकडचं इंधन लवकर संपतं. लिटरचं वजन साधारण ७२० ग्रॅम. २० लिटरचा फरक म्हणजे १४ किलोच्या वर, विमान एका अंगाला झुकणारच. मग वैमानिक थोडा वेळ जड बाजूची टाकी वापरतो आणि उतरण्याआधी कॉक पुन्हा ‘दोन्ही’वर आणतो.

खरी जोखीम पायपर चेरोकीसारख्या खालच्या पंखांच्या विमानांत. तिथं इंधन पंपानं ओढावं लागतं. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या तर पंप रिकाम्या टाकीतली हवा ओढेल, म्हणून ‘दोन्ही’ची सोयच नाही. ठरावीक वेळानं टाकी बदलायची. विसरलं, की दुसरी टाकी भरलेली असूनही इंजिन बंद. काट्याचाही भरवसा नसतो. उडण्याआधी टाकीत पट्टी बुडवून बघतात, डिझेल बघतो तसंच.