जावईबापू, तुम्ही बसा : बापपणाबद्दलचे काही गैरसमज

माझी मुलगी सांगलीला झाली, तिच्या आजोळी. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. दर शनिवारी दुपारची गाडी पकडायची, रात्री पोचायचं, रविवारी संध्याकाळी परत. पोचलो की हातपाय धुऊन बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभा राहायचो. आत वेखंडाचा वास, कोपऱ्यात शेगडी, दोरीवर वाळत घातलेली दुपटी. मी हात पुढे करायच्या आत सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू, तुम्ही बसा, दमून आलात. चहा टाकते." मी बसायचो. चहाबरोबर डिंकाचा लाडूही यायचा. तो खरं तर बाळंतिणीसाठी केलेला असायचा.

तीन महिन्यांनी मायलेकी पुण्याला आल्या. पहिल्याच रात्री पोरीने सूर लावला. बायकोने तिला माझ्या हातात दिलं आणि ती आंघोळीला गेली. मी उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं, खुळखुळा वाजवला. शेवटी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. "अगं, ही थांबतच नाहीये." आतून आवाज आला, "मलाही थांबवता येत नव्हतं. मला शिकायला तीन महिने मिळाले."

त्या दारापाशी मला पहिला गैरसमज समजला.

गैरसमज : आईला उपजत येतं, बापाला ते जमत नाही

बाळाला छातीशी कसं धरायचं हे माझ्या बायकोला दवाखान्यातल्या नर्सने दाखवलं होतं. लंगोट कसा बांधायचा ते तिच्या आईने. पायांवर घेऊन तेल कसं जिरवायचं, डोक्यावरून पाणी ओतताना कान कसे झाकायचे, हे मालिशवाल्या बाईंनी. पहिल्या आठवड्यात तिने बांधलेला लंगोट बाळ पाय झाडताच सुटायचा. उपजत म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यातलं बरंचसं असं तीन बायकांनी मिळून शिकवलेलं असतं. बापाला कुणी शिकवत नाही. तो बाहेर चहा पीत असतो.

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत वाईट नाही. बाईला विश्रांती मिळते, गरम अन्न मिळतं, हक्काने रडायला आई मिळते. पण या रीतीत बापाची शाळा बुडते, आणि बुडते ती नेमकी अवघड धड्यांच्या वेळी. बाळांचं रडणं जन्मानंतर वाढत जातं, साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच कमी होतं. म्हणजे मायलेकरं सासरी येतात तेव्हा आईची परीक्षा देऊन झालेली असते. बापाची पहिली रात्र तेव्हा उजाडते आणि सगळं घर म्हणतं, बघा, याला जमत नाही.

पुरुषाचं शरीरच त्यासाठी नाही, असंही म्हणतात. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांची लाळ तपासून त्यांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जे मधल्या काळात बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बाप न झालेल्यांपेक्षा बरंच जास्त उतरलं होतं. आणि जे बाप रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचं करत होते, त्यांच्यात ते सर्वांत कमी आढळलं. (हे वाचून माझा एक मित्र घाबरला. घाबरण्यासारखं काही नाही. त्यात आजार नाही, मर्दानगीही कुठे गेलेली नाही.) मूल सांभाळायची जागा पुरुषाच्या शरीरातही आहे, ती वापरावी मात्र लागते.

रडणं थांबवायचं माझं औषध एका जपानी अभ्यासातून आलं. २०२२ मधला हा अभ्यास असं सांगतो : रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता चालावं, ते झोपलं की लगेच खाली ठेवू नये, पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसावं, मग निजवावं. आमच्या घरात चालायला जागा स्वयंपाकघराच्या ओट्यापासून गॅलरीपर्यंत, चौदा पावलं. डाव्या खांद्यावर फडकं, त्यावर पोरगी, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिसऱ्या मिनिटाला घाई केली की पाठ गादीला टेकताच डोळे टक्क उघडे, की पुन्हा ओट्यापासून सुरुवात. महिन्याभरात माझा हात बसला. त्या अभ्यासात बाळांना घेऊन चालल्या त्या सगळ्या आयाच होत्या. बापांवर प्रयोग करावा असं तिथेही कुणाला सुचलं नाही.

गैरसमज : दूध आईनेच पाजायचं, मग बापाला काम काय?

नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध मागतं. त्या प्रत्येक वेळेच्या आगेमागे बाळ उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, निजवणं आणि आईला तांब्याभर पाणी देणं असतं. यातल्या कशालाही स्तन लागत नाहीत.

शिवाय एक काम तर फक्त बापच करू शकतो, आणि ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे बारशाला माझी आत्या आली ती चांदीच्या वाटीत मध घेऊन. सोन्याची अंगठी त्यात बुडवून बाळाच्या जिभेला लावायची, सात पिढ्यांची रीत. आता मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते निमूट निघून जातात; वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करू शकतात. म्हणून वर्षभर मध नाही. हे आत्याला सांगायचं कुणी? सुनेने सांगितलं असतं तर दहा वर्षं घराण्यात तिचं नाव निघालं असतं. मी सांगितलं. आत्या म्हणाली, "तुला चाटवला होता, तू मेलास का?" मी म्हणालो, "नाही, पण हिला नको." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सुनेशी बोलत होती. एवढंच हवं होतं.

गैरसमज : हल्लीचे बाबा किती मदत करतात!

'मदत' हा शब्द आला की काम दुसऱ्याचं आहे हे ठरूनच जातं. देशभरात २०२४ मध्ये झालेल्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया दिवसभरात घरातल्या कुणाचं ना कुणाचं करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सुमारे १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. बागेत बाळाला कडेवर घेतलेला बाप दिसला की आपण कौतुकाने मान डोलावतो. त्याच बाकावर बसलेल्या बाईच्या कडेवरही बाळ असतं, तिच्याकडे कुणी बघत नाही.

गैरसमज : बाप झालं की कायद्याने पंधरा दिवस रजा मिळते

ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावरच्या मुलाचा असा ठाम समज होता. पंधरा दिवस मिळतात ते केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला, त्याची हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर. खासगी नोकरीत पितृत्व रजा देण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. कंपनीच्या मर्जीवर काम चालतं. आईसाठी १९६१ चा मातृत्व लाभ कायदा झाला, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाले. बापासाठी त्याच साली हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी पितृत्व लाभ विधेयक लोकसभेत मांडलं. रजा सर्व क्षेत्रांतल्या बापांना मिळावी आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावी, असा त्याचा आशय होता. ते खासगी विधेयक होतं, मंजूर झालं नाही. सातव २०२१ मध्ये गेले.

ज्यांना रजा मिळते त्यांच्यासाठी एक गोष्ट. केंद्राच्या नियमात ही रजा बाळंतपणाआधी पंधरा दिवसांपासून ते बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घेता येते. बहुतेक जण ती पहिल्याच पंधरवड्यात, सासुरवाडीच्या सोप्यावर बसून संपवतात. बाळंतपण माहेरी असेल आणि सगळं ठीक असेल तर निम्मी रजा बायको परत येते त्या आठवड्यासाठी राखून ठेवावी, हे माझं मत. मी तसं केलं नव्हतं, म्हणून सांगतोय.

गैरसमज : बाळंतपणानंतरचं नैराश्य बायकांनाच येतं

हे येतं बापांनाही. २०१० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात सुमारे दहा टक्के बापांमध्ये नैराश्य आढळलं, आणि सर्वांत जास्त बाळाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. आपल्याकडे हेच महिने मायलेकरं सासरी येण्याचे. बाप क्वचितच रडतो. तो उगाच खेकसतो, ऑफिसातून मुद्दाम उशिरा निघतो, पार्किंगमध्ये गाडीतच अर्धा तास मोबाइल बघत बसतो, पिणं वाढवतो. घरच्यांना वाटतं, बाप झाला तरी सुधारला नाही. गाडीतल्या त्या अर्ध्या तासाचा मला अनुभव आहे. मला नैराश्य होतं की नुसती झोप हवी होती, ते मी कधी तपासून घेतलं नाही, आणि ते चुकलं. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे. तिथे बापानेही फोन करायला हरकत नाही.

गैरसमज : मुलगी झाली ती आईमुळे

आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येतं. एक्स की वाय ते बापाच्या शुक्रजंतूवर ठरतं. शाळेत शिकलेलं असूनही बाळंतिणीला टोमणे बसतात. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. तरीही राज्यात शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ झाल्या. यावर अधिक काय लिहायचं.

चौदाव्या आठवड्याची लस द्यायला मी पोरीला एकटाच घेऊन गेलो. बायको घरी झोपली होती. आदल्या रात्री तिला जेमतेम दोन तास मिळाले होते. रांगेत सोळा बायका आणि मी. सिस्टरने माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं, माझ्या मागे बघितलं, पुन्हा मागे बघितलं.

"आई कुठंय?"

"घरी झोपलीय."

"आजी?"

"सांगलीला."

सिस्टरने सिरिंज हातात घेतली. "बरं. दोन्ही मांड्यांत आहेत. मांडी अशी घट्ट धरा, आणि तुम्ही तिकडं बघा."

मी तिकडं बघितलं नाही.